कोयना-कृष्णेच्या काठावर नागरिक सल्लागार समिती कशी उभी करावी

जुलैच्या अखेरीस पाटण, कराड किंवा सांगलीच्या स्टँडवर उभे राहिले, की "आज किती सोडलंय?" हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. काय सोडले आणि कोठून सोडले, हे विचारणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही. कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाज्यांकडे सगळ्या काठाचे डोळे लागलेले असतात. मात्र ते दरवाजे केव्हा आणि किती उचलायचे, वीजगृहांतील संच केव्हा चालवायचे, सह्याद्रीच्या पश्चिमेला किती पाणी न्यायचे आणि पूर्वेला किती राखायचे, हे ठरण्याआधी काठावरच्या माणसाचे म्हणणे नीट ऐकून घेतले जाईल अशी जागा जवळजवळ नाही. पूर ओसरल्यावर पंचनामे होतात, निवेदने जातात, एखादा मोर्चा निघतो आणि ऊस तोडणीला आला की विषय मागे पडतो. हे चक्र मोडून बारमाही काम करणारी प्रादेशिक नागरिक सल्लागार समिती ज्यांना उभी करायची आहे, पण सुरुवात कोठून करावी हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा. आपल्याकडे 'कालवा सल्लागार समिती' नावाची शासकीय व्यवस्था आधीपासून आहे. तिच्या बैठका बहुधा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होतात, आमदार-खासदार, जलसंपदा विभागाचे अभियंते आणि पाणी वापर संस्थांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात आणि तिचा मुख्य विषय रब्बी व उन्हाळी आवर्तनांचा, म्हणजे कालव्यांतून पाळीने पाणी सोडण्याचा असतो. आपण उभी करणार ती समिती तिला पर्याय म्हणून नव्हे. ती शासनाने नेमलेली नसल्यामुळे तिला आदेश देता येत नाही, निधी वाटता येत नाही आणि अभियंत्याला जाब विचारण्याचा कायदेशीर अधिकारही तिच्याकडे नसतो. तिच्याकडे असू शकते ती फक्त माहिती, आणि ती अशी की जी कार्यालयाकडेही त्या स्वरूपात नसते. हे ज्यांना कमी वाटते त्यांनी संघर्ष समिती काढावी. तीही आवश्यक असते, पण तिचे काम वेगळे आहे आणि दोन्ही कामे एकाच फलकाखाली करू गेल्यास दोन्ही बिघडतात.

हद्द पाण्याने ठरवावी

'प्रादेशिक' म्हणजे कोणता प्रदेश, हा पहिला निर्णय आहे आणि बहुतेक गट तो न घेताच पुढे जातात. सांगलीत बैठक झाली की समिती सांगली जिल्ह्याची होते आणि कराडात झाली की सातारा जिल्ह्याची. कोयनेच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते, कारण या धरणाचे पाणी दोन समुद्रांकडे जाते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्यापैकी वर्षाला जास्तीत जास्त ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येते, अशी मर्यादा पहिल्या कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने घातलेली आहे. हे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडते, पोफळी आणि अलोरे परिसरातील वीजगृहांतून खाली उतरते आणि शेवटी वाशिष्ठी नदीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळते. कोकणात याला 'अवजल' म्हणतात आणि तिकडच्या माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रकल्पाच्या एकूण १,९६० मेगावॅट क्षमतेपैकी जेमतेम ४० मेगावॅट धरणाच्या पायथा वीजगृहात आहे आणि फक्त तेवढ्याच वीजगृहाचे पाणी पूर्वेला कोयना नदीत येते.

म्हणून नकाशा समोर ठेवावा आणि पाणी जेथे जेथे जाते तेथे बोट फिरवावे. जलाशयाच्या वरच्या अंगाला बामणोली-तापोळ्याचा परिसर, खाली पाटण, मग कराड, जेथे कोयना कृष्णेला समोरासमोर येऊन मिळते तो प्रीतिसंगम, त्यापुढे वाळवा, पलूस, मिरज, सांगली. आणि डोंगरापलीकडे पोफळी, अलोरे, चिपळूण. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले त्यानंतर तेथे आणि २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत, एकाच धरणाबद्दल दोन वेगवेगळ्या चर्चा झाल्या आणि दोन्ही गावांतील माणसे एकमेकांशी बोलली नाहीत. समितीत चिपळूणची दोन माणसे नसतील, तर "पश्चिमेला जास्त पाणी सोडून पूर्वेचा पूर कमी करा" ही मागणी सांगलीत टाळ्यांच्या गजरात मंजूर होईल आणि ती किती धोक्याची आहे हे सांगणारे कोणी खोलीत नसेल.

हद्द आखताना लोभही आवरावा. पंचगंगेचे खोरे, दूधगंगा, राधानगरी हे सगळे घेण्याचा मोह होतो. पण राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात. तेथे दरवाज्यांच्या वेळेबाबत कोणाला काय सल्ला देणार? त्या खोऱ्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि तेथील लोकांनी आपली समिती स्वतंत्र करावी. दोन समित्यांनी वर्षातून एकदा नृसिंहवाडीच्या संगमावर भेटावे, एवढे पुरे.

कोणता प्रश्न कोणाच्या दारात

दुसरी पायरी रूक्ष आहे, पण ती गाळली तर पुढचे वर्ष चुकीच्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवण्यात जाते. धरण आणि त्याचे दरवाजे जलसंपदा विभागाकडे आहेत. वीजगृहे राज्याची वीजनिर्मिती कंपनी, महानिर्मिती, चालवते. कोणता संच केव्हा सुरू करायचा आणि केव्हा थांबवायचा, हे मुख्यतः राज्य भार प्रेषण केंद्राच्या सूचनेप्रमाणे, म्हणजे राज्यभरातील विजेच्या मागणीप्रमाणे ठरते. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होत असल्याने सकाळ-संध्याकाळच्या वाढीव मागणीला कोयना हाताशी असते. पूरकाळात गावे हलवण्याचा, छावण्यांचा आणि बोटींचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा आहे. पूररेषेच्या आतील बांधकामाला परवानगी देणे किंवा नाकारणे हे नगरपालिका, महापालिका आणि नगररचना विभागाचे काम आहे; नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध आणि ती व तिच्याबाहेरील लाल पूररेषा यांमधील क्षेत्र नियंत्रित असते, एवढे प्रत्येक सदस्याला तोंडपाठ असावे. धरणाच्या सुरक्षिततेचा विषय २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाखाली येतो आणि त्यानुसार आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्याची जबाबदारी धरणमालकावर आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या खोऱ्याने सोसला, तेथील गावांनी या आराखड्याचा सोप्या मराठीतील गोषवारा मागणे अगदी स्वाभाविक आहे.

अलमट्टी या कृष्णेवरील कर्नाटकातील धरणाचा विषय येथेच वेगळा काढून ठेवावा; त्याच्या फुगवट्याने सांगलीचा पूर वाढतो, अशी तक्रार आहे. सांगलीकडील कोणत्याही पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ अलमट्टी खाते, हा अनुभव आहे. तेथील सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, दुसऱ्या कृष्णा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि २०१९ च्या महापुराच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीचे निष्कर्ष सांगलीत अनेकांना पटलेले नाहीत. विषय गंभीर आहे यात शंका नाही. पण त्याचा निर्णय कोयनानगरचा अभियंता घेत नाही आणि जिल्हाधिकारीही घेत नाही. तो दोन राज्ये, केंद्र आणि न्यायालय यांच्यातील विषय आहे. त्यासाठी तीन अभ्यासू सदस्यांची उपसमिती करावी, वडनेरे समितीचा अहवाल मुळातून वाचण्याचे काम तिच्याकडे द्यावे आणि मुख्य बैठकीत तिला दहा मिनिटे द्यावीत.

माणसे निवडताना

पंधरा ते एकवीस सदस्य पुरेसे होतात. त्याहून कमी असतील तर प्रदेश सुटतो आणि जास्त असतील तर सभा होते, समिती राहत नाही. जागा गावांप्रमाणे वाटण्यापेक्षा पाण्याशी असलेल्या नात्याप्रमाणे वाटाव्यात. धरणग्रस्तांना पहिली जागा द्यावी. त्यांची गावे पाण्याखाली गेली, कुटुंबे सातारा, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली आणि पुनर्वसनाचे कागद अजून पूर्ण झालेले नाहीत, तरी जलाशयाच्या व्यवस्थापनाची चर्चा निघाली की त्यांची आठवण कोणाला होत नाही. जलाशयावर आणि नदीवर मासेमारी करणारे, पाणी उतरल्यावर गाळपेर करणारे, नदीकाठी मळईची जमीन असणारे, सहकारी उपसा सिंचन संस्थांचे सभासद, कृष्णेचे पाणी उचलून देणाऱ्या ताकारी-टेंभू-म्हैसाळ योजनांवर अवलंबून असलेल्या दुष्काळी भागातील शेतकरी, काठावरचे वीटभट्टीवाले, पूरपट्ट्यातील भाडेकरू, चिपळूण बाजारपेठेतील व्यापारी, अशी यादी करावी आणि प्रत्येकातून एकेक माणूस शोधावा. दुष्काळी भागाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. खानापूर-आटपाडी पट्ट्याला पाणी मागण्याची जुनी परंपरा आहे. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले ते याच भागात. कृष्णेचे पाणी म्हणजे फक्त पुराचे पाणी, अशी काठावरच्यांची समजूत होऊ लागली की या भागातील सदस्य ती ताळ्यावर आणतो.

स्त्रिया किमान एक तृतीयांश असाव्यात, आणि त्या शेवटी नावे भरण्यापुरत्या असू नयेत. पुराचा इशारा मिळाल्यापासून घर रिकामे करायला खरोखर किती तास लागतात, जनावरे आधी हलवावी लागतात की धान्य, अंथरुणावरच्या सासूबाईंना कोण उचलते, हे पुरुष सदस्य अंदाजाने सांगतात आणि स्त्रिया तासांत सांगतात. इशारा किती वेळ आधी मिळावा या शिफारशीला हाच आकडा लागतो.

सेवानिवृत्त अभियंता जरूर घ्यावा, पण सल्लागार म्हणून, मताचा अधिकार न देता. तो अध्यक्ष झाला की समिती विभागाची भाषा बोलू लागते आणि तो नसला की विभाग समितीला गंभीरपणे घेत नाही. सध्याचे लोकप्रतिनिधी, साखर कारखान्यांचे संचालक आणि नदीशी संबंधित कामांचे ठेकेदार यांना सदस्यत्व देऊ नये; बैठकीला बोलवावे, मानाने बसवावे, ऐकावे. आपल्याकडे हे सांगायला अवघड जाते, म्हणून ते नियमातच लिहून ठेवावे, म्हणजे कोणा एकाला तोंडावर नाही म्हणावे लागत नाही.

सदस्याची निवड शक्य तेथे ग्रामसभेच्या ठरावाने करून घ्यावी. ठरावाला गणपूर्ती लागते, त्यामुळे आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) बोलून विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. "आयत्या वेळच्या विषयात" घुसवलेला ठराव पुढे कोणी ना कोणी खोडून काढतो.

आधी आकड्यांची शाळा

आमच्या भागात असा गट पहिल्यांदा जमला तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने एक निवेदन लिहिले आणि त्यात क्युसेकच्या जागी टीएमसी लिहिले. समोरच्या अधिकाऱ्याने ते वाचले, चष्मा काढला, आम्हाला चहा पाजला आणि विषय बदलला. तो दिवस फुकट गेला असे म्हणता येत नाही, कारण त्यानंतरच्या प्रत्येक नव्या सदस्याला पहिले दोन तास आकडे शिकवण्याची पद्धत आम्ही घालून घेतली.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे एक घनफूट पाणी. तो वेग आहे. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी; तो साठा आहे. दोन्हींना जोडणारा एकच आकडा वहीच्या मुखपृष्ठावर लिहावा: ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिले की एक टीएमसी होते. मग वर्तमानपत्रातील बातमी वेगळी दिसू लागते. पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालू असताना २,१०० क्युसेक पाणी नदीत येते, म्हणजे दिवसाला पाव टीएमसीसुद्धा नाही. दरवाज्यांतून ५०,००० क्युसेक सोडले तर दिवसाला सुमारे सव्वाचार टीएमसी रिकामे होते. आणि धरणात दहा टीएमसीची जागा शिल्लक असताना आवक एक लाख क्युसेक झाली, तर एक थेंबही बाहेर न सोडता ते सुमारे २८ तासांत काठोकाठ भरते. "आधीच थोडे थोडे का सोडले नाही" या प्रश्नाचे वजन आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही या हिशेबात आहेत. कार्यालयीन तक्त्यांत साठा बहुधा दशलक्ष घनमीटरमध्ये असतो. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर.

कोयनेचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. ६७.५ टीएमसीचा हिशेब याच वर्षात बसवला जातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचा कोटा किती उरला यावर वीजनिर्मितीचे वेळापत्रक हलते आणि वाशिष्ठीच्या पात्रातील पाणीही हलते. समितीचे आर्थिक वर्ष कायद्याप्रमाणे एप्रिल-मार्चच राहील, पण कामाचे वर्ष जून-मे ठेवावे.

नोंदवही

समितीचे सगळे वजन या एका वस्तूत असते, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो. दोनशे पानी, रेघा मारलेली, पाने क्रमांकित केलेली जाड वही घ्यावी. मोबाइलवरील तक्ता सोयीचा असला तरी महापुरात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि नंतर कोणी विचारले तर शाईने लिहिलेल्या, सलग तारखांच्या वहीला जो मान मिळतो तो छापील प्रतीला मिळत नाही. एका दिवसाला एक ओळ. पहिल्या रकान्यात तारीख, मग सकाळी आठची कोयनेची पाणीपातळी आणि साठा, आवक, दरवाज्यांतील विसर्ग, पायथा वीजगृहाचा विसर्ग. पुढे कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील पाऊस. हे आकडे पावसाळ्यात विभागाकडून रोज मिळतात आणि वृत्तपत्रांतही छापून येतात. खरे काम त्यापुढच्या रकान्यांचे आहे: आपल्या गावच्या घाटावरील किंवा पुलावरील पाण्याची पातळी, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ.

त्यासाठी प्रत्येक सदस्य गावाने एक मोजखूण निवडावी. पुलाचा खांब, घाटाची पायरी, बंधाऱ्याची भिंत, जे हलत नाही ते. तेथे अर्ध्या-अर्ध्या फुटावर रंगाने खुणा कराव्यात आणि त्याआधी ग्रामपंचायतीची किंवा संबंधित विभागाची लेखी परवानगी घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या पुराची पातळी गावात कोणाच्या ना कोणाच्या भिंतीवर अजून दिसते. ती पातळी सर्वेक्षणाच्या साधनाने आपल्या मोजखुणेशी जोडून घ्यावी. जवळच्या पॉलिटेक्निकचे विद्यार्थी हे काम एका दिवसात आनंदाने करतात. वाळव्यापासून खाली बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली या पुलांवरील पातळ्या शासन जाहीर करते. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पण आयर्विनला ४० फूट असते तेव्हा आपल्या गावच्या ओढ्याच्या तोंडाशी किती असते आणि स्मशानाचा रस्ता केव्हा बंद होतो, हे कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. जुन्या लोकांना अशा खुणा ठाऊक असतात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचे पाणी दत्त मंदिरात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडले, की आपल्या शिवारातील कोणती ताल पाण्यात जाते, हे सांगणारा एखादा म्हातारा शेतकरी प्रत्येक गावात भेटतो. त्याचे म्हणणेही त्याच तारखेच्या ओळीत लिहावे.

तीन पुरांची नोंद झाली की वही बोलू लागते. धरणावर विसर्ग वाढवल्याची घोषणा किती वाजता झाली, प्रत्यक्ष दरवाजे किती वाजता उचलले आणि आपल्या पुलावर पाणी केव्हा चढू लागले, या तीन वेळा शेजारी शेजारी मांडल्या की आपल्या गावापर्यंत पाणी पोहोचण्याचा काळ आपल्याच हाती येतो. येथे घाई करू नये. धरणाच्या खालच्या बाजूला मोठे मुक्त, म्हणजे कोणत्याही धरणात न अडणारे, पाणलोट क्षेत्र आहे, कराडला कृष्णेतून धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचे पाणी येते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. म्हणून पाटणला पाणी चढले तर ते कोयनेचे असण्याची शक्यता मोठी, कराडला त्याहून कमी आणि सांगलीत केवळ कोयनेवर बोट ठेवणे बहुतेक वेळा चूक. चिपळूणच्या बाजूला भरती-ओहोटीची वेळ हा जादा रकाना लागतो. वाशिष्ठीला पूर असताना समुद्राला भरती असेल तर पाणी शहरात तुंबते आणि त्या वेळी वीजगृहे चालू होती की बंद, हा प्रश्न विचारायला अर्थ येतो.

कागद मिळवणे

जे रोज जाहीर होत नाही ते माहितीच्या अधिकारात मिळवावे लागते. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, त्यावर दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावतात, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते आणि न मिळाल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. "पूर का आला?" किंवा "आधी पाणी का सोडले नाही?" असे विचारणारा अर्ज निरुपयोगी ठरतो, कारण 'का' हा अभिलेखात नसतो. त्याऐवजी असे लिहावे: "कोयना जलाशयाची १ जून ते ३१ ऑक्टोबर या कालावधीतील दैनंदिन पाणीपातळी, साठा, आवक, दरवाज्यांतील विसर्ग, पायथा वीजगृहातील विसर्ग आणि पश्चिमेकडील वीजनिर्मितीसाठी वापरलेले पाणी दर्शवणाऱ्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात." वीजगृहाच्या संचांच्या तासांबद्दलचा अर्ज वेगळा, महानिर्मितीकडे. जलाशय परिचालनाच्या मंजूर आराखड्याची प्रत, म्हणजे कोणत्या तारखेला धरणात किती साठा ठेवायचा याचे वेळापत्रक, हा तिसरा अर्ज; आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. आराखड्यातील आकडा आणि नोंदीतील आकडा यांत फरक दिसला की समितीला विचारण्यासारखा पहिला खरा प्रश्न सापडतो. फरक दिसला म्हणजे लगेच दोष दिसला असे मात्र समजू नये. पावसाचा अंदाज, विजेची मागणी, खालच्या नदीची पातळी अशी कारणे असू शकतात आणि ती ऐकून घेण्यासाठीच बैठक असते.

नियम, पैसा, नोंदणी

हे थोडक्यात. पहिली दोन वर्षे नोंदणीच्या मागे लागू नये. बँक खाते आवश्यक झाले की १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सदस्यांनी नोंदणी करावी. आपल्याकडे तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते आणि मग दरवर्षीचे हिशेब व विश्वस्त बदलल्यावर 'चेंज रिपोर्ट' धर्मादाय कार्यालयात देणे आले. हे करणारा चिकाटीचा एक माणूस नसेल तर न केलेले बरे. वर्गणी सर्वांना सारखी आणि लहान ठेवावी, मोठी देणगी घेऊ नये. दुधाच्या संस्थेचे सचिव हिशेबाला उत्तम असतात, हे माझे मत अनेक वर्षांत बदललेले नाही.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी करावा: वादग्रस्त शिफारस बहुमताने मंजूर करायची नाही. समजा, १५ ऑगस्टपर्यंत धरण कितपत भरलेले असावे हा विषय निघाला. कराडचा ऊस उत्पादक म्हणेल की पाऊस पुढे दगा देतो, भरून घ्या. सांगलीच्या मारुती रोडवरील दुकानदार म्हणेल की तोपर्यंत जागा मोकळी ठेवा. टेंभूच्या पाण्यावर डोळे असलेला आटपाडीचा शेतकरी पहिल्याच्या बाजूने जाईल आणि चिपळूणचा सदस्य पश्चिमेचे संच कधी चालणार ते विचारेल. चौघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. येथे हात वर करून मोजणी झाली की हरलेला गाव पुढच्या बैठकीला येत नाही. त्याऐवजी ज्यावर सर्वांचे एकमत आहे तेवढे, उदाहरणार्थ विसर्ग वाढवण्यापूर्वी किमान किती तास आधी इशारा मिळावा आणि तो कोणत्या मार्गाने मिळावा, हे शिफारस म्हणून लिहावे आणि उरलेल्यावर प्रत्येकाची भिन्नमत टिपणी नावासह जोडावी. अधिकाऱ्यांना अशी टिपणे वाचायला आवडतात, कारण त्यांनाही हेच चार आवाज वेगवेगळ्या फोनवर ऐकावे लागतात.

कार्यालयाच्या दारात

पहिल्या भेटीला पाच जण जावेत, पंचवीस नव्हे. एक पानाचे टिपण, त्यात तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली नोंदवहीतील तारीख आणि आकडा. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पोहोच न घेता दिलेला कागद दिला नाही असेच धरावे. बैठकीचे इतिवृत्त कार्यालयाने काढले तर उत्तम. न काढल्यास आपणच दोन दिवसांत "बैठकीत पुढीलप्रमाणे चर्चा झाल्याचे आमच्या नोंदीत आहे" असे पत्र पाठवावे. त्यावर कोणी हरकत घेतली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच पत्राचा संदर्भ देता येतो.

दोन मागण्या पहिल्या वर्षी पुरेशा आहेत. मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तिला समितीच्या दोन प्रतिनिधींना विशेष निमंत्रित म्हणून बोलवावे. आणि १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचे पाणी नियोजन ठरते, त्यानंतरच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आपले टिपण कार्यक्रमपत्रिकेसोबत ठेवावे. निमंत्रण आले नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात अर्ज द्यावा. तेथे निर्णय होतोच असे नाही, पण उत्तर लेखी येते.

पावसाळा सुरू असताना मात्र कोणालाही भेटायला जाऊ नये. त्या काळात धरणावरील अभियंत्याची झोप उडालेली असते आणि तालुक्याच्या नियंत्रण कक्षातील फोन थांबत नाही. तेव्हा समितीने दोनच कामे करावीत: वहीत ओळ लिहावी, आणि पोलीस पाटील व कोतवालाच्या सोबतीने इशारा वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचला की नाही ते पाहावे. किती वाजता पोहोचला, तेही लिहावे.

सप्टेंबर सरताना सर्व गावांच्या वह्या एका ठिकाणी आणून एक मोठा तक्ता करावा. कराड मध्यावर असल्याने तेथे सोयीचे पडते. चिपळूणच्या माणसांना कुंभार्ली घाट चढून यावे लागते, म्हणून बैठक सकाळी अकराच्या आधी ठेवू नये आणि त्यांच्या एस.टी.चे भाडे समितीने द्यावे. त्या दिवशी भाषणे नसावीत. प्रत्येक गावाने आपली वही उघडून सर्वांत जास्त पाणी चढले त्या रात्रीची ओळ वाचून दाखवावी, एकाने ती फळ्यावर लिहावी, आणि पाटणपासून सांगलीपर्यंतच्या वेळा एकाखाली एक आल्या की खालच्या गावातील कोणी तरी विचारतोच, "तुमच्याकडे रात्री अकराला चढलं, तर आम्हाला कोणी का नाही सांगितलं?" पुढच्या वर्षीच्या कामाची यादी करायला तेथून सुरुवात करावी.